गोचिडाची साक्ष

नाशिकहून पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें तीस किलोमीटरांवर सिन्नर लागतें. गोंदेश्वराच्या पंचायतन देवालयामुळें हें गांव पुष्कळांच्या परिचयाचें आहे. देवगिरीस राजधानी होण्यापूर्वीं यादवांचें ठाणें येथें होतें. याच यादववंशांतील रामदेवराव राज्य करीत असतां, शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायांत एका अगदीं क्षुद्र जीवाला दृष्टान्ताचा मान मिळाला आहे. तो जीव म्हणजे गोचीड. दुधाच्या इतक्या सन्निध राहूनही त्याला गोडी रक्ताचीच, हा त्या दृष्टान्ताचा आशय. ऐकणाऱ्यांना तो फोडून सांगण्याचें कारण नव्हतें. ज्याच्या दावणीला एक गाय होती, त्यानें गोचीड पाहिलेला होता.

सातशें वर्षें लोटलीं. सिन्नर तालुक्यांत आज कारखान्यांच्या वसाहती उभ्या आहेत. तरी पोळ्याला बैल धुतांना त्याच्या कानामागें, मानेखालीं आणि शेंपटीच्या मुळाशीं दडलेला गोचीड काढण्याचें काम शेतकऱ्याला चुकलेलें नाहीं. रक्तपिपासु म्हणून गोचीड मराठी माणसास शतकानुशतकें ठाऊक आहे. परंतु रक्त पितां पितां तो दुसऱ्याच्या रक्तांत रोग सोडून जातो, हें ज्ञान अवघ्या सव्वाशें-दीडशें वर्षांचें आहे. या ज्ञानाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांत एक गोष्ट पुनः पुनः घडलेली दिसते. खरी साक्ष पहिल्यानें दिली ती गुराख्यानें, एखाद्या आईनें किंवा रानांत राबणाऱ्या माणसानें. आणि जेथें विद्वानांनीं ती कान देऊन ऐकली, तेथेंच रोगाचें मूळ हातीं लागलें.

गोचीड हा खरें पाहतां कीटकच नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ असतात. कोळी आणि विंचू यांच्या गोतांतला तो आहे. अंड्यांतून बाहेर पडतो तेव्हां मात्र त्याला सहाच पाय असतात व आकारानें तो खसखशीच्या दाण्याएवढाही नसतो. पुढें कात टाकून तो मध्यम अवस्थेंत येतो आणि पुन्हां कात टाकून प्रौढ होतो. या प्रत्येक अवस्थेंत त्याला पोटभर रक्त लागतें. कांहीं जाती सारा जन्म एकाच जनावराच्या अंगावर काढतात. कांहीं प्रत्येक वेळीं नवा यजमान शोधतात. रानउंदीर, माकड, गाय, माणूस, जो वाटेंत येईल तो त्यांना चालतो. घरोघर फिरणारा पाहुणा एका घरची वार्ता दुसऱ्या घरीं नेतो, तसा हा एकाचा रोग दुसऱ्याला नेऊन पोंचवितो. डास चावून उडून जातो. गोचीड दिवसचे दिवस चिकटून राहतो, आणि त्याचा दंश बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गोचिडावरील आरोप प्रथम सिद्ध झाला तो अमेरिकेंत. दक्षिणेकडील टेक्सास प्रांतांतून गुरांचे कळप उत्तरेस विक्रीला नेत. वाटेंत जेथें हे कळप चरत, तेथलीं उत्तरेकडचीं गुरें कांहीं आठवड्यांनीं तांबडें मूत्र होऊन पटापट मरत. आणि चमत्कार असा कीं, टेक्सासचीं गुरें स्वतः धडधाकट दिसत. पशुपालकांपैकीं कित्येक म्हणत, हें गोचिडांचें काम. शिकलेले लोक त्यांना हंसत. सन १८८९ मध्यें थिओबाल्ड स्मिथ नांवाच्या तरुण शास्त्रज्ञानें व त्याचा सहकारी किलबोर्न यानें वॉशिंग्टनजवळ कुंपणें घालून शेतें आंखलीं. एका शेतांत गोचिडांनीं भरलेलीं दक्षिणेचीं गुरें उत्तरेच्या गुरांबरोबर ठेविलीं. दुसऱ्या शेतांत दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरील एकेक गोचीड हातानें वेंचून काढला. तिसऱ्या शेतांत दक्षिणेचें एकही जनावर न आणतां नुसते गोचीड पसरले. पहिल्या व तिसऱ्या शेतांतील उत्तरेचीं गुरें आजारी पडलीं. दुसऱ्या शेतांतील निरोगी राहिलीं. रोगाचे सूक्ष्म जंतु तांबड्या रक्तपेशींत सांपडले. हा सर्व वृत्तान्त १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले ते त्यानंतर चार वर्षांनीं, १८९७ मध्यें. चावणाऱ्या क्षुद्र जीवाकडून ताप पसरतो हें प्रयोगानें सिद्ध करण्याच्या कामीं हिंवतापाच्या डासाच्याही आधीं गोचिडाची साक्ष निघाली, ती अशी. ज्यांना हंसत होते त्या पशुपालकांचेंच म्हणणें खरें ठरलें.

हा धडा सिन्नरच्या गोठ्यांतही वाचावयास मिळतो. देशी गाय गोचिडांबरोबर पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहे. अधिक दुधासाठीं पाळलेल्या जर्सी किंवा होल्स्टीन संकराच्या गाईला मात्र ‘गोचीड ताप’ लवकर जडतो. अंगावरच्या गांठी सुजतात, ताप चढतो, दूध आटतें. आणि पशुवैद्य रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांतील जंतु शोधतो. ‘गोचीड ताप’ हा शब्द आज दूध घालणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडीं आहे. परंतु गोचिडापासून माणसालाही ताप येऊं शकतो, ही गोष्ट त्याच घरांत पुष्कळदां ठाऊक नसते.

माणसाच्या बाबतींत या देशाला पहिला मोठा धडा मिळाला तो गोचिडापासून नव्हे, पिसवेपासून. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग शिरला व पुढें त्याची झळ नाशिककडील गांवांनाही लागली. आधीं उंदीर पडतात आणि मग माणसें पडतात, हें लोकांना अनुभवानें कळलें. घरांत उंदीर पडला कीं बिऱ्हाड गांवाबाहेर झोपडींत हलवावयाचें, हा त्या काळचा शहाणपणा होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ मध्यें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, मेलेल्या उंदराचें थंड शरीर सोडून निघालेली पिसू हीच रोगाची वाहक आहे. त्याचें म्हणणें विद्वानांनीं कांहीं वर्षें मानलें नाहीं. उंदीर पडण्याचा अर्थ सामान्य माणसानें मात्र आपल्यापुरता केव्हांच लाविला होता. यानंतर साठ वर्षांनीं तसाच प्रसंग पुन्हां आला. या वेळीं उंदराच्या जागीं माकड होतें आणि पिसवेच्या जागीं गोचीड.

सन १९५७ च्या मार्च महिन्यांत, तेव्हांच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर नांवाच्या जंगलांत माकडें मरून पडूं लागलीं. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसांना कडक ताप येऊं लागला. गांवकऱ्यांनीं दोन्ही गोष्टींचा संबंध आपण होऊन जोडला आणि कानडींत ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार, असें नांव देऊन टाकलें. पुण्यास १९५२ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यानें विषाणु-संशोधन केंद्र निघालें होतें. तेथील प्रमुख टेलफोर्ड वर्क व त्यांचे सहकारी क्यासनूरला गेले. माकडांच्या मरणाची वार्ता ऐकून प्रथम शंका आली ती पीतज्वराची. कारण दक्षिण अमेरिकेंतील जंगलांत त्या रोगानें माकडें मरतात. पीतज्वर हिंदुस्थानांत तोंपर्यंत कधींच शिरलेला नव्हता, आणि शिरला असता तर अनर्थ ओढवला असता. परंतु मेलेल्या माकडांपासून व आजारी माणसांच्या रक्तांतून जो विषाणु हातीं आला, तो निराळाच निघाला. रशियाच्या अतिपूर्वेकडील जंगलांत १९३७ मध्यें उजेडांत आलेल्या, गोचिडापासून होणाऱ्या मेंदुज्वराशीं त्याचें नातें होतें. मग रानांतील व माकडांच्या अंगावरील गोचीड गोळा करण्यांत आले, आणि ‘हीमाफायसॅलिस स्पायनिजेरा’ नांवाच्या जातीवर मुख्य आरोप सिद्ध झाला.

रशियांतील रोगाचा हा भाऊबंद सह्याद्रीच्या पायथ्याशीं आला कोठून? थंडींत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून गोचीड आले असावेत, असा एक तर्क निघाला. त्या निमित्तानें मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेनें सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें, १९५९ पासून हजारों पक्ष्यांच्या पायांत कडीं घातलीं. पक्ष्यांवरील आरोप कांहीं शाबीत झाला नाहीं. पक्ष्यांच्या प्रवासाविषयींचें ज्ञान मात्र पुष्कळ वाढलें.

रोगाचें बीज जंगलांतच होतें. रानांतील लहान प्राणी व गोचीड यांच्या साखळींत हा विषाणु गुपचूप फिरत असे. माणसानें रान तोडून भात पेरला आणि गुरें रानाच्या कडेला चरावयास सोडलीं. गुरांच्या रक्तावर प्रौढ गोचीड पोसले व त्यांची संख्या वाढली. माकडाला हा रोग झाला म्हणजे तें बहुधा मरून पडतें. मग त्याच्या अंगावरील गोचीड तें कलेवर सोडून खालच्या पालापाचोळ्यांत उतरतात. ती जागा त्यानंतर कित्येक दिवस धोक्याची होते. प्लेगाच्या दिवसांत उंदीर पडलेलें घर जसें सोडावयाचें, तशीच माकड पडलेली जागा वर्ज्य समजावयाची, असा याचा अर्थ. ज्या संस्थेनें हा शोध लाविला तिला १९७८ सालीं राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हें नांव मिळालें.

पुढील पन्नासांवर वर्षें हा रोग बहुतांशीं शिमोग्याच्या आसपास, कर्नाटकांतच, राहिला. सन २०१२ नंतर तो पश्चिम घाटाच्या इतर भागांतही आढळूं लागला. २०१५ सालीं गोव्यांतील सत्तरी तालुक्यांत, पाली गांवीं, काजूच्या बागांत काम करणाऱ्या लोकांना त्यानें गांठलें. २०१६ च्या आरंभीं तो महाराष्ट्राच्या हद्दींत, सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुक्यांत, केर गांवच्या परिसरांत प्रगट झाला. आणि पुढल्या वर्षीं सावंतवाडी तालुक्यांत बांद्याच्या बाजूला दिसला. लोकांनीं त्याला ‘माकडताप’ म्हटलें. शिमोग्याच्या खेडुतांनीं दिलेलें नांव कोंकणच्या खेडुतांच्या तोंडीं मराठींत आलें, तें असें.

काजूचा हंगाम साधारणतः फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतो. रानांतील मध्यम अवस्थेचा गोचीड भुकेनें टपलेला असतो तोही याच कोरड्या महिन्यांत. बोंडें वेंचण्यासाठीं वांकलेला हात आणि पाल्यांत दडलेला गोचीड यांची गांठ रोज पडते. शिवाय जळण आणणें आहे, गुरांखालीं अंथरण्यासाठीं पातेरा गोळा करणें आहे. ज्या रानावर घर चालतें तें रान टाळावें, हा उपदेश तेथें निरुपयोगी ठरतो. सांगावयाचें असेल तर रानांत जावें कसें व परत आल्यावर काय करावें, हेंच सांगितलें पाहिजे.

दंशानंतर तीन ते आठ दिवसांनीं ताप येतो, तो एकाएकीं व जोराचा. कपाळ फुटेल असें डोकें दुखतें, कंबर व पोटऱ्या पिळवटून निघतात, उलट्या होतात. कांहींच्या नाकांतून किंवा हिरड्यांतून रक्त येतें. एक-दोन आठवडे बरें वाटून कित्येकांना पुन्हां ताप येतो, व त्या वेळीं मेंदूचीं लक्षणें दिसूं लागतात. शंभर रोग्यांत तीन ते पांच दगावतात. या विषाणूवर नेमकें औषध नाहीं. वेळेवर रुग्णालयांत नेणें, शरीरांतील पाणी राखणें आणि रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणें यांनींच रोगी तारला जातो. कर्नाटकांत अनेक वर्षें एक लस टोंचीत असत. तिचा प्रभाव अपुरा ठरल्यामुळें ती बंद करण्यांत आली, आणि नव्या लशीचें काम हातीं घेण्यांत आलें. तेव्हां तूर्त तरी लोकांचें ज्ञान हीच मोठी लस आहे.

लोकांच्या साक्षीचें मोल दाखविणारी आणखी एक हकीकत अमेरिकेची आहे. कनेक्टिकट संस्थानांतील लाइम नांवाच्या गांवाभोंवतीं १९७५ च्या सुमारास कित्येक मुलांचे गुडघे सुजूं लागले. पॉली मरे या गृहिणीचें अवघें घर आजारानें ग्रासलें होतें. डॉक्टरांकडे खेपा घालून उत्तर मिळेना. उलट हे मनाचे खेळ आहेत, असें तिला सुचविण्यांत आलें. तिनें आपल्या घरांतील व शेजारच्या रोग्यांचीं टिपणें ठेविलीं आणि तीं अधिकाऱ्यांपुढें मांडलीं. दुसऱ्या एका आईनेंही तशीच तक्रार नोंदविली. येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर यांनीं ती मनावर घेऊन तीन गांवांतील एक्कावन्न रोगी तपासले. त्यांत एकोणचाळीस मुलें होतीं. सांधे धरण्यापूर्वीं अंगावर पसरत जाणारें तांबडें मंडळ उठल्याचें त्यांपैकीं कांहींना आठवत होतें. असेंच मंडळ स्वीडनमधील आर्विड अफ्झेलियस यांनीं १९०९ मध्यें वर्णन करून गोचिडाच्या दंशाशीं जोडलेलें होतें. शेवटीं विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या आंतड्यांत मळसूत्री आकाराचे जंतु आढळले व १९८२ मध्यें तो शोध प्रसिद्ध झाला. हा रोग विषाणूचा नसून जंतूचा; त्यामुळें डॉक्सिसायक्लीनसारख्या औषधानें तो वेळींच बरा होतो. वेळ दवडली तर मात्र सांधे, मज्जातंतु व हृदय यांना तो पीडा देतो. हिंदुस्थानांत या रोगाचे तुरळक रोगी नोंदले गेले आहेत. महाराष्ट्रांत ताप आला म्हणजे पहिल्यानें लाइम आठवावा असें कारण नाहीं. परंतु त्या दोन आयांची वही प्रत्येक वैद्यानें व प्रत्येक गृहिणीनें आठवावी, अशी आहे.

सिन्नर हें माकडतापाच्या रानापासून दूर आहे, मग तेथें याची चिंता कशाला, असें कोणी विचारील. समजा, सिन्नरचें एखादें कुटुंब सुटींत दोडामार्गाकडे आप्तांच्या घरीं गेलें, काजूच्या रानांत हिंडलें आणि चार दिवसांनीं परत आलें. ताप चढेल तो सिन्नरला. तेथील डॉक्टर हिंवताप पाहतील, डेंग्यू पाहतील, विषमज्वर पाहतील. आणि तें योग्यच आहे. परंतु गेल्या पंधरवड्यांत कोठें गेलां होतां, रानांत पाल्यावर बसलां होतां काय, माकडें मेल्याचें कानीं आलें काय, अंगाला कांहीं चिकटलेलें होतें काय, घरीं गुरें आहेत काय, हे पांच प्रश्न जर विचारले गेले नाहींत, तर रक्ताची योग्य ती तपासणी सुचणारच नाहीं. प्रश्नांना पैसा लागत नाहीं. रोग्याचें बोलणें ऐकण्याइतका धीर मात्र लागतो.

प्रश्नाबरोबर डोळाही हवा. विदर्भांत २०१८ सालीं स्क्रब टायफसची सांथ उद्भवली. तो रोग गोचिडाचा नव्हे. गोचिडाच्याच गोतांतील, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किड्याच्या पिलाचा. त्याच्या दंशाच्या जागीं बगलेंत, जांघेंत किंवा कमरेच्या खालीं, बिडीनें डागल्यासारखा काळा व्रण पुष्कळदां दिसतो. त्यावरही डॉक्सिसायक्लीन गुणकारी आहे. पण कपडे न उतरवितां रोगी तपासला, तर तो व्रण दिसत नाहीं, आणि स्वस्त औषधाच्या अभावीं माणूस जातो. वैद्यानें स्वतःसही जपलें पाहिजे. गुजरातेंत अहमदाबाद जिल्ह्यांतील साणंद तालुक्यांत २०११ च्या जानेवारींत क्रायमियन-काँगो नांवाचा रक्तस्रावी ताप प्रथमच उघडकीस आला. तोही गोचिडाचा रोग. माकडताप माणसापासून माणसाला होत नाहीं. हा मात्र रोग्याच्या रक्तांतून दुसऱ्याला जडतो. त्या रोग्याची शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिका दोघेही त्याला बळी पडले. पुण्याच्या संस्थेनें निदान केलें तेव्हां फार उशीर झालेला होता.

घरगुती उपाय थोडे व सोपे आहेत. रानांत जातांना अंगभर कपडे घालावे व विजारीचे पाय मोज्यांत खोंवावे. अंगाला कीटकनिवारक तेल किंवा मलम लावावें. पाल्यावर बसूं अगर निजूं नये. परत आल्यावर कपडे गरम पाण्यांत टाकावे, साबण लावून स्नान करावें, आणि मुलांच्या कानांमागें, मानेवर, काखेंत व गुडघ्यांच्या लवणींत नीट पाहावें. गोचीड चिकटलेला दिसला तर बारीक टोंकाच्या चिमट्यानें कातडीला अगदीं लगत धरून सरळ वर ओढावा. त्याला डागूं नये, त्यावर रॉकेल किंवा तंबाखूचें पाणी ओतूं नये, आणि बोटांनीं चिरडूं तर नयेच. दंशाची जागा धुवावी व तो दिवस लिहून ठेवावा. मेलेल्या माकडाला हात न लावतां वनखात्यास किंवा आरोग्यखात्यास कळवावें. गोठ्यांतील गुरांचे गोचीड पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं काढावे. त्यांत गाईचें हित आहे, तसें घरच्या माणसांचेंही आहे.

टेक्सासचा गुराखी, लाइमची आई, क्यासनूरचा खेडूत यांपैकीं कोणीही सूक्ष्मदर्शकांत डोकावलेला नव्हता. त्यांनीं पाहिलें तें उघड्या डोळ्यांनीं, आणि सांगितलें तें आपल्या साध्या भाषेंत. शास्त्रानें त्या सांगण्याला पुरावा दिला, नांव दिलें, कांहीं ठिकाणीं औषधही दिलें. दोघांची गांठ जेथें लवकर पडली तेथें माणसें वांचलीं. जेथें उशिरा पडली तेथें तीं गेलीं. पोळ्याला बैलाच्या कानामागील गोचीड काढणारा सिन्नरचा शेतकरी असाच एक साक्षीदार आहे. काढलेला गोचीड मातींत टाकण्यापूर्वीं तो क्षणभर थांबेल, आणि घरांतल्या मुलाला ताप आल्यास त्या गोचिडाची गोष्ट डॉक्टरांच्या कानीं घालील, तर या दीडशें वर्षांच्या इतिहासाचें सार त्याला समजलें असें म्हणतां येईल.